होडीवरचा व्हीएचएफ वायरलेस दुरुस्त करूनही पुन्हा का बिघडतो? कनेक्टर बदलताय, पण केबल ओलीच आहे

तक्रार ठरलेली आहे. ऑगस्टमध्ये होडी पाण्यात उतरते. वायरलेसवर जवळची होडी स्वच्छ ऐकू येते, सहा-सात मैलांवरच्या होडीची मात्र नुसती खरखर. नवा कनेक्टर बसवला की काही आठवडे बरे जातात. दिवाळीच्या आसपास पुन्हा तेच. मग संशय सेटवर जातो, सेट बदलला जातो, आणि नवा सेटही तसाच खरखरतो. सेटमध्ये दोष निघण्याची वेळ क्वचितच येते. दोष बहुतेकदा डोलकाठीच्या टोकापासून सेटच्या पाठीपर्यंतच्या आठ-दहा मीटरमध्ये असतो, म्हणून तपासणी वरून खाली करायची आणि सेटवर शेवटी यायचे.

खाली धरलेली होडी अशी: रायगड ते सिंधुदुर्ग किनाऱ्यावरची 8 ते 12 मीटरची लाकडी किंवा फायबरची, 12 व्होल्टची बॅटरी, 25 वॉटचा पक्का बसवलेला व्हीएचएफ आणि डोलकाठीवर किंवा केबिनच्या टपावर अँटेना. हातातला वॉकीटॉकी वापरणाऱ्यांनी केबलचा भाग सोडला तरी चालेल. उंचीचा आणि खरखरीचा भाग त्यांनाही लागू आहे.

दोष कुठल्या जातीचा, ते आधी ठरवा

पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटे नुसते ऐका. इंजिन बंद, दिवे बंद, सेट सोडून सगळे बंद. ज्यावर कोणी बोलत नाही असा चॅनल लावा आणि स्क्वेल्च (खरखर दाबणारा नॉब) हळूहळू वाढवत न्या. खरखर जिथे तुटते तिथे नॉबवर पेन्सिलीने खूण करा. आकड्यांचा सेट असेल तर आकडा लिहून ठेवा. ही तुमची शांत खूण. पुढची सगळी तुलना हिच्याशी.

आता इंजिन सुरू करा. खरखर तोडायला स्क्वेल्च बराच पुढे न्यावा लागला, तर होडीवरचेच काहीतरी गोंगाट करते आहे. शांत खुणेत फरक पडत नाही आणि तरी लांबची होडी येत नाही, तर केबल, कनेक्टर, अँटेना किंवा उंची. होडी डोलली की आवाज येतो-जातो, तर सैल जोड किंवा चुकीची अँटेना. तुम्हाला सगळे ऐकू येते पण तुमचे कोणाला नाही, तर बॅटरीची वायर. या शेवटच्या तक्रारीत सेटला उगाच दोष दिला जातो, कारण ऐकायला सेटला साधारण अर्धा अँपिअर पुरतो, बोलायला मात्र पाच-सहा लागतात.

दोन गोष्टी इतक्या साध्या आहेत की त्या कोणी बघत नाही. स्क्वेल्च गरजेपेक्षा जास्त फिरवलेला असला तर कमजोर आवाज सेट स्वतःच दाबतो. आणि काही सेटवर 'लोकल' (जवळचे) व 'डीएक्स' (लांबचे) असा खटका असतो. तो लोकलवर राहिला तर सेट मुद्दामच बहिरा होतो. बंदरात गर्दीमुळे कोणीतरी लोकल करतो आणि बाहेर गेल्यावर विसरतो.

किती लांबचे ऐकू यायला हवे?

व्हीएचएफ जवळजवळ सरळ रेषेत जातो. दोन्ही अँटेनांची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींचे वर्गमूळ काढा, बेरीज करा आणि 4.12 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. दोन्ही होड्यांवर अँटेना 3 मीटरवर असेल तर सुमारे 14 किलोमीटर, म्हणजे साडेसात नॉटिकल मैलांच्या थोडे पुढे. दोन्हीकडे 6 मीटर असेल तर 20 किलोमीटर, म्हणजे अकरा मैलांच्या आसपास. याच्यापुढे होडी-होडीत बोलणे होत नसेल तर तो बिघाड नव्हे, पृथ्वीची गोलाई आहे. 25 वॉटचे 50 वॉट केले तरी ती रेषा हलत नाही, अँटेना वर नेली तरच हलते.

डोंगरावर 100 मीटर उंचीवरचे किनारी केंद्र 4 मीटरच्या अँटेनाला जवळपास 49 किलोमीटरवरून ऐकू येऊ शकते. म्हणून 'कोस्ट गार्ड स्वच्छ येतो, पण दहा मैलांवरचा आपला माणूस येत नाही' यात विसंगती काही नाही. उलट, त्यावरून सेट धड आहे हे कळते. तसेच खाडीत आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना डोंगर आले की बाहेरचा आवाज तुटणारच. जयगडसारख्या खाडीत हे रोजचे आहे.

उलटा चकवा पावसाळ्याआधी बसतो. हवा स्थिर असली की समुद्रावर हवेचा असा थर तयार होतो की लहरी त्यात अडकून वाकत वाकत फार दूर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसल्याची नोंद आहे, ती याच कारणाने. मार्चमध्ये एखाद्या रात्री लांबच्या बंदरातले बोलणे ऐकू आले, म्हणून ऑगस्टमध्ये तेवढी अपेक्षा धरू नका.

केबल: दोष परत परत येतो तो इथूनच

अँटेनाच्या बुडाशी असलेल्या कनेक्टरमध्ये खारे पाणी शिरते. तिथून ते केबलच्या आतल्या तांब्याच्या जाळीतून खाली झिरपत जाते. जाळी म्हणजे एकमेकांत विणलेल्या बारीक तारा. दिव्याची वात तेल ओढते तशी ती पाणी ओढते. बाहेरून केबल कोरडी आणि काळी कुळकुळीत दिसते, आत मीटर-दोन मीटरपर्यंत जाळी काळी पडलेली असते. नवा कनेक्टर बसवताना दोन-तीन इंच केबल कापली जाते आणि कनेक्टर त्याच ओल्या जाळीवर डागला (सोल्डर केला) जातो. तो काही आठवडे चालतो. मग मिठाने डाग खाल्ला जातो आणि तक्रार परत.

म्हणून कापायचे तर असे कापा: वरून एक वीत केबल काढा, बाहेरचे आवरण सोला आणि जाळी बघा. काळी, तपकिरी किंवा हिरवट दिसली तर आणखी एक वीत. जाळी लखलखीत दिसेपर्यंत थांबायचे नाही. दीड मीटर कापूनही काळीच निघाली तर सगळी केबल बदला; उरलेली वाचवण्यात अर्थ नाही.

न कापता केबल तपासायची असेल तर एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा) लागतो, पण तो व्हीएचएफचाच हवा. 27 मेगाहर्ट्झच्या सीबी रेडिओसाठी बनवलेला मीटर 156 मेगाहर्ट्झवर काहीही आकडा दाखवतो. मीटर सेटच्या पाठीमागे लावा. 1.5 पर्यंत उत्तम, 2 पर्यंत चालून जाते, 3 म्हणजे चौथा हिस्सा शक्ती परत येते आहे.

इथे एक मोठा सापळा आहे. खराब, ओली केबल मीटरवर चांगली दिसते. वर गेलेली शक्ती केबल खाते, परत येणारीही खाते, आणि खाली मीटरला वाटते की सगळे अँटेनातून बाहेर गेले. 1.3 आकडा बघून लोक निर्धास्त होतात. खात्री अशी करायची: अँटेना वरून सोडा, केबलचे वरचे टोक मोकळे ठेवा, सेट 1 वॉटवर ठेवून फक्त दोन सेकंद बटण दाबा. 25 वॉटवर हा प्रयोग करू नका, सेटचा आउटपुट भाग जाऊ शकतो. मोकळ्या टोकाला आकडा खूप वर जायला हवा: दहा मीटर चांगल्या आरजी-213 (जाड केबल) वर नऊच्या आसपास, दहा मीटर नव्या आरजी-58 (बारीक केबल) वर साडेचारच्या आसपास. टोक मोकळे असूनही मीटर 2 दाखवत असेल तर केबल गेली. नॅनोव्हीएनए (अँटेना-केबल तपासण्याचे हातात मावणारे यंत्र) असेल तर हेच काम बटण न दाबता होते.

साध्या मल्टीमीटरने दोन गोष्टी कळतात. अँटेना सोडलेली असताना मधली तार आणि जाळी यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. काही किलोओहम दिसले तर आत ओल आहे. मात्र अँटेनाच्या स्वतःच्या सॉकेटवर मल्टीमीटर लावून 'शॉर्ट आहे, फेकून द्या' असे ठरवू नका. बऱ्याच समुद्री अँटेनांमध्ये तळाशी कॉइल असते, त्यामुळे मल्टीमीटरला त्या शॉर्टच दिसतात आणि तशाच दिसायला हव्यात.

कोणती केबल घ्यावी

आरजी-58 बारीक आणि स्वस्त. दहा मीटरमध्ये साधारण 2 डेसिबल घट, म्हणजे 25 वॉटपैकी वर पोचतात सोळाच्या आसपास, आणि ऐकतानाही तेवढेच नुकसान. आरजी-213 मध्ये तीच घट 1 डेसिबलच्या आत, वर पोचतात वीसच्या आसपास. आरजी-8एक्स मधली. पाच मीटरच्या आत काम भागत असेल तर आरजी-58 चालते, त्यापुढे आरजी-213 घ्या. जाळी कल्हई केलेली मिळाली तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते. दुकानात टोक सोलून जाळी किती घट्ट विणलेली आहे ते बघूनच घ्या. विरळ जाळीची नकली आरजी-213 बाजारात आहे.

डिश टीव्हीची केबल वापरू नका. ती 75 ओहमची, सेट 50 ओहमचा. पण तो फरक तसा छोटा दोष आहे. मोठा दोष म्हणजे तिच्यातली जाळी बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमची असते. तिला डाग बसत नाही आणि खाऱ्या हवेत ती एका मोसमात पिठासारखी होते.

कनेक्टर बसवणे आणि बंद करणे

पीएल-259 कनेक्टर घेताना आतले इन्सुलेशन पांढऱ्या टेफ्लॉनचे आहे ना ते बघा. स्वस्त प्लास्टिकचे डागताना वितळते आणि मधली पिन तिरकी होते.

आरजी-213 साठी मापे: कनेक्टरची फिरती टोपी आधी केबलवर सरकवा (ही विसरली की सगळे पुन्हा). बाहेरचे आवरण 28 मिलिमीटर सोला. त्यातला पुढचा 16 मिलिमीटर भाग मधल्या तारेपर्यंत उघडा करा. उरलेल्या 12 मिलिमीटरवर जाळी राहते. तिला कथलाचा पातळ थर द्या आणि पुढची कड दीड-दोन मिलिमीटर मागे कापा, म्हणजे जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकणार नाही. कनेक्टर केबलवर स्क्रूसारखा फिरवून चढवा. बाजूच्या भोकांतून जाळी दिसायला हवी. तिथे 80 ते 100 वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने डाग द्या. मोबाइल दुरुस्तीचे 25 वॉटचे आयर्न पितळ तापवू शकत नाही. कथील वर गोळा होऊन बसते, आत चिकटत नाही, आणि होडीच्या थरथरीने तो जोड सुटतो. शेवटी टोकाला मधली तार डागा, जास्तीची कापा.

आता बंद करणे, म्हणजे या सगळ्या कामाचा जीव. जोड हाताने घट्ट करा. त्यावर साध्या पीव्हीसी टेपचा एक फेरा, चिकट बाजू आत. पुढच्या वर्षी हा फेरा चिरला की वरचे सगळे एका झटक्यात निघते. त्यावर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप, ताणून दुप्पट लांब करत, निम्म्यावर निम्मी चढवत, खालून वर. कौले रचतात त्याच कारणासाठी खालून वर: पाणी शिवणीत न शिरता घसरून जावे. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच केबल झाकली गेली पाहिजे. सगळ्यात वर उन्हापासून वाचवायला काळी पीव्हीसी टेप.

नळाच्या दुकानातले सिलिकॉन लावू नका. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते आणि ते तांबे खाते. एम-सील थापणेही फसवे. ते कडक होते, डोलकाठीच्या थरथरीने तडकते, आणि तडकलेल्या फटीत शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. जोडाच्या खाली केबलचा एक सैल वळसा ठेवा. केबलवरून ओघळणारे पाणी वळशाच्या बुडाला थेंबून पडते, केबिनच्या भोकाकडे जात नाही.

खरखर इंजिनची की दिव्यांची?

शांत खूण हातात आहे. आता एकेक वस्तू चालू करून दर वेळी स्क्वेल्च कुठे तुटतो ते बघा. क्रम कुठलाही चालेल, पण मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवे आधी घ्या, कारण गुन्हेगार बहुतेक तेच. एलईडीच्या आतला छोटा ड्रायव्हर सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्याचा कचरा थेट 150 ते 162 मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो. एआयएस (होडीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्झवर चालते, त्यामुळे तिच्या ट्रान्सपाँडरलाही याच दिव्यांचा त्रास होतो. मासे गोळा करण्यासाठी एलईडी लावण्यावर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली आहे. इथे बोलणे डेकवर जाळे साफ करायला लावलेल्या दिव्यांचे आहे.

चार्जरला उपाय एकच, बोलताना-ऐकताना काढून ठेवणे. दिव्यासाठी: त्याच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, दिव्याच्या अगदी जवळ 43 नंबरच्या मटेरियलचा फेराइट (वायरीवरची खरखर अडवणारे कडे) लावा आणि वायर त्यातून तीन-चार फेरे घ्या. फेराइट बॅटरीच्या टोकाला लावून उपयोग नाही, मधली सगळी वायर अँटेनासारखी फेकत राहते. तरी आवाज आला तर तो दिवा बदला. अँटेनापासून हातभर अंतरावर बसवलेला एलईडी तर हलवलाच पाहिजे.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिटी अल्टरनेटरची. सेटची वायर स्विचबोर्डवरून न घेता थेट बॅटरीच्या टोकांवरून घेतली की ती बहुधा जाते. पेट्रोल आउटबोर्डवर टकटकटक असा आवाज येतो, तो स्पार्क प्लगचा. रेझिस्टर असलेला प्लग घाला. डिझेलला ठिणगीच नाही, तेव्हा तिथे प्लगचा शोध घेऊ नका.

बॅटरीची वायर

सेट बॅटरीपासून 8 मीटरवर आहे असे धरा. जाऊन-येऊन वायर 16 मीटर. 1 चौरस मिलिमीटरच्या वायरीत 6 अँपिअरला सुमारे 1.7 व्होल्ट वाटेतच जातात. 2.5 चौरसमध्ये 0.7, 4 चौरसमध्ये साडेचार दशांशाच्या आत. घरातल्या दिव्याची वायर ओढलेली असेल तर 12.4 ची बॅटरी सेटला बोलताना पावणेअकरा दिसते आणि सेट आपोआप शक्ती कमी करतो, किंवा बटण दाबताच बंदच पडतो. मोजमाप सेटच्या पाठीमागे करा, बटण दाबलेले असताना. नुसते मोजून सगळे बरोबरच दिसेल. फ्यूज सेटच्या पुस्तिकेत सांगितलेला, बहुधा 10 अँपिअरचा, बॅटरीच्या बाजूला. फ्यूज होल्डरच्या पत्र्यावर हिरवा गंज चढला तरी हाच दोष निर्माण होतो.

अँटेना निवडताना

गाडीवर लावायची पाव लहरीची अँटेना फायबरच्या किंवा लाकडी होडीवर लावू नका. तिला खाली धातूचा पत्रा लागतो, तो तिथे नाही. अर्ध्या लहरीची, साधारण एक मीटरची 3 डेसिबलवाली अँटेना छोट्या होडीला सर्वात सोयीची. दुकानदार आठ फुटी 6 डेसिबलवाली पुढे करतो. ती लांब पोचते हे खरे, पण आडव्या चपट्या पट्ट्यात. होडी कलली की तो पट्टा एकदा पाण्यात आणि एकदा आकाशात जातो, आणि आवाज लाटेबरोबर येतो-जातो. मोठ्या, स्थिर ट्रॉलरवर ती बरोबर, 9 मीटरच्या होडीवर नाही. अँटेना उभी ठेवा, आणि लोखंडी डोलकाठीपासून निदान एक मीटर दूर, नाहीतर त्या दिशेला सावली पडते.

दुरुस्तीनंतरची चाचणी चॅनल 16 वर करू नका, तो हाक मारायला आणि संकटासाठी आहे. 70 वर तर बोलायचेच नाही. गावच्या होड्या ज्या कामाच्या चॅनलवर बोलतात त्यावर, पाच मैलांवर उभ्या असलेल्या ओळखीच्या तांडेलाशी, 1 वॉट आणि 25 वॉट दोन्हीवर बोलून बघा. केबल चांगली असेल तर पाच मैलांवर 1 वॉटवरही बोलणे समजते.

समुद्रात अँटेना मोडली तर

जवळ केबल, चाकू आणि टेप असले तर काम भागते. केबलचे वरचे टोक कापा. बाहेरचे आवरण 45 सेंटिमीटर सोला. जाळी कापू नका. पायमोजा उलटतात तशी ती मागे दुमडून केबलच्या आवरणावर 45 सेंटिमीटर खाली ओढा आणि टेपने बांधा. वर 45 सेंटिमीटर मधली तार, तिच्या पांढऱ्या इन्सुलेशनसह, तशीच राहू द्या. वरच्या टोकाला दोरी बांधून डोलकाठीवर सरळ उभी टांगा, धातूला टेकू देऊ नका. 1 वॉटवर बोलून बघा, मगच 25 वर जा. बंदरात परत आल्यावर या टोकातून पाणी आत गेलेच असेल, तेव्हा ही केबल कापताना पुन्हा जाळी उजळ दिसेपर्यंत कापा. मोबाइलची रेंज असेल तर दरम्यान कोस्ट गार्डचा 1554 हा क्रमांक आहेच.